भोकं वरच्या बाजूला

सोमवार, ११ जानेवारी १९५४

डॉक्टरांनी आज मुबारकचाचांना सरळ सांगून टाकलं, कोळसा सोडा नाहीतर धंदा सोडा. चाचा नुसते हसले. डॉक्टर तरुण आहेत, पनवेलला येऊन त्यांना वर्षही झालं नाही. पत्र्याचं काम करणाऱ्याने कोळसा सोडायचा म्हणजे काय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? परत येताना चाचा टपाल नाक्यापासून दुकानापर्यंत तीनदा थांबले. एकदा चपलेसाठी, एकदा कुणाला सलाम करायला, एकदा काहीच कारण नसताना. मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहिलो.

दुकान माझ्या वडिलांनी, तात्यांनी, आणि चाचांनी मिळून थाटलेलं. उजवीकडे मी बसतो, स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करतो. डावीकडे चाचा डबे, नरसाळी, मापं आणि पन्हळी करतात. तात्या जाऊन पाच वर्षं झाली, पण चाचांनी त्यांची जागा कधी ओलांडली नाही आणि आपली कधी सोडली नाही. त्यांचं सगळं काम एका हत्यारावर चालतं, ते त्याला कैया म्हणतात. लाकडी मूठ, लोखंडी दांडी आणि टोकाला तांब्याचा ठोकळा. असे दोन. एक शेगडीत तापत असतो, दुसऱ्याने ते कथील वितळवून पत्र्याचा सांधा झाळतात. हातातला थंड पडला की अदलाबदल. म्हणजे दिवसभर शेगडी पेटलेली आणि माणूस तिच्यावर वाकलेला. बत्तीस वर्षं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, निदान बाहेर उघड्यावर तरी बसा.

बुधवार, १३ जानेवारी

चाचांना बाहेर ओट्यावर बसवलं. दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि कैया शेगडीतून काढून डब्यापर्यंत नेईतो निवून जायला लागला. कथील सांध्यात धावेना, नुसतं गोळ्यागोळ्यांनी बसायला लागलं. चाचांनी चार डबे कसेबसे केले आणि शेगडी उचलून पुन्हा आत नेली. मग सांजेपर्यंत खोकत होते.

तेव्हा मला सुचलं. आच हत्याराच्या आतच असली तर? स्टोव्ह काय करतो? रॉकेलची वाफ करून जाळतो. तोच स्टोव्ह लहान करून कैयाच्या पोटात बसवायचा. मुंबईला स्टोव्हच्या कारखान्यात चार वर्षं काढली ती काय फक्त वायसर बदलायला?

ही वही त्यासाठीच काढली आहे. यात चित्रं काढायची आणि काय बिघडलं ते लिहून ठेवायचं. शकू म्हणते, चित्रं कमी आणि तक्रारी जास्त होतील. बायकोला नवऱ्याची पारख असावी, पण इतकीही नको.

रविवार, १७ जानेवारी

पहिला प्रयोग फसला. तांब्याच्या ठोकळ्याखाली छोटी टाकी आणि वात. वातीची ज्योत पिवळी, तिची काजळी तांब्यावर बसते, आणि काजळलेल्या तांब्याला कथील धरत नाही. चाचांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, चिमणी चांगली आहे, संध्याकाळी लावायला होईल. मला राग आला. मी काही मस्करी म्हणून करत नव्हतो.

बुधवार, २० जानेवारी

आच किती लागेल ते ठरवायचं म्हणून आज चाचांचं काम नीट बघत बसलो. ताव बघायची त्यांची पद्धत अशी: कैया उचलतात, टोक वर करतात आणि उजव्या गालाजवळ चार बोटांवर धरतात. क्षणभर डोळे मिटतात. कमी असला तर परत शेगडीत, जास्त असला तर ओल्या फडक्यावर. यात चूक होत नाही. मी म्हटलं, चाचा, आपण थर्मामीटर आणू या. ते म्हणाले, गाल आहे तोवर कशाला?

जुन्या माणसांची ही एक गंमत असते. माझ्या हत्यारात आच एकसारखी राहील, तेव्हा ही नाटकं लागणार नाहीत.

मंगळवार, २६ जानेवारी

शाळेची पोरं झेंडे घेऊन गेली. शकू बघायला दारात उभी होती. मी मागच्या पडवीत बर्नरशी झटत होतो. स्टोव्हचा बर्नर उभा असतो तोवर शहाणा, आडवा केला की वेडा. आडवा केल्यावर रॉकेल वाफ व्हायच्या आधीच निपलच्या बारीक भोकातून थेंबाथेंबाने येतं आणि हातभर पिवळी ज्योत थुंकतं. भुवई थोडी गेली. शकूने लोणी लावलं आणि म्हणाली, हे सगळं चाचांसाठी चाललंय का तुमच्यासाठी? मी म्हटलं, चाचांसाठीच. तिला असले प्रश्न कुठून सुचतात कोण जाणे.

मंगळवार, २ फेब्रुवारी

जमलं. रॉकेल टाकीतून थेट निपलकडे न्यायचं नाही. पितळी नळीला आधी ज्योतीभोवती एक वेटोळं द्यायचं. ज्योत नळीला तापवते, नळीत वाफ होते, ती वाफ ज्योतीला पोसते. सुरुवातीला स्पिरिटचा काकडा लावून नळी तापवली की पुढे ते आपलं आपण चालतं. निळी, कडक, सू-सू करणारी ज्योत. ती बघत मी इतका वेळ बसलो की जेवायचं राहिलं.

टाकी मुठीच्या मागे लावली. चाचांनी हातात घेऊन तोलून पाहिलं आणि म्हणाले, याचं वजन मागे पडतंय. टोक जड हवं, म्हणजे हत्यार आपल्या वजनाने सांध्यावर बसतं, हाताने दाबावं लागत नाही. बरोबर होतं. ठोकळा दीडपट केला आणि टाकी बारीक लांबट केली. मी इंजिनियर झालो असतो तर एवढी साधी गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी लागली नसती, असंही मनात आलं. लिहून ठेवतो, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

रविवार, ७ फेब्रुवारी

आता भोकांचा प्रश्न. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तिच्यावर लोखंडी पत्र्याचं नळकांडं बसवलं आहे. पण जळलेली हवा बाहेर पडायला भोकं हवीत. खाली पाडली, तर ज्योतीची जीभ डब्याला चाटते, पत्रा काळा पडतो, कथील करपतं. डाव्या बाजूला पाडली, तर कथलाची कांडी धरलेला डावा हात भाजतो. उजव्या बाजूला पाडली, तर मांडी. तीनदा नळकांडं बदललं. शेवटी सहाही भोकं वर पाडली. वर काय आहे? आढं आणि कौलं.

शकूला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, रेल्वेच्या इंजिनासारखं दिसतंय.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

हा दिवस मी विसरणार नाही. चाचा ओट्यावर बसले. शेगडी नाही, धूर नाही, खोकला नाही. खाडीवरून नेहमीसारखा वारा होता आणि हत्यार सू-सू करत चाललं होतं. एका दमात बारा डबे. सुकापूरची हौसा डोक्यावरची पाटी उतरवून बघत उभी राहिली. ती आमची जुनी गिऱ्हाईक, घरोघरी रॉकेल विकते. तिने विचारलं, "चाचा, इस्तू कुटं हाय?" चाचांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "विस्तव? या कमळाकरने हत्याराच्या पोटात घातलाय." मी आत जाऊन उगाच एक स्टोव्ह खोलत बसलो, कारण तोंडावरचं हसू जात नव्हतं. तात्या असायला हवे होते. त्यांनी माझं कुठलंच काम कधी हातात घेऊन पाहिलं नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

चाचांनी दाढी बारीक करून घेतली आहे. पांढरी, छातीपर्यंत येणारी दाढी, आता चार बोटंही उरली नाही, आणि तीही उजव्या बाजूला जरा जास्तच कमी. मी चिडवलं, न्हाव्याला चष्मा द्या म्हटलं. चाचा म्हणाले, उन्हाळा येतोय बेटा, हलकं वाटतं. उन्हाळा यायला अजून महिना आहे. म्हातारपणी माणसाला काय लहर येईल सांगता येत नाही.

काम जोरात चाललं आहे. चाचा मधून मधून टोक करपतं म्हणून तक्रार करतात. आच एकसारखी आहे खरी, पण ती वाढतच जाते, थांबत नाही. त्यामुळे त्यांना ताव बघत राहावं लागतं. यावर काहीतरी काढायला हवं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

मुंबईच्या जगनशेठचं पत्र आलं. हत्यारांचे मोठे व्यापारी. मी पाठवलेलं चित्र त्यांना पसंत पडलं, येत्या सोमवारी स्वतः पनवेलला येऊन चालतं हत्यार बघणार. चालवून दाखवायला चाचाच हवेत. माझ्या हाताला तो डौल नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

मागच्या पडवीत दुसरा नग तपासत होतो. वाऱ्याचा एक झोत आला, वेटोळं निवलं असणार, आणि मी नेमकं तेव्हा टोक वर केलं. निळी ज्योत गेली आणि वरच्या भोकांतून हातभर पिवळा भडका उठला. दाराची चौकट करपली. क्षणभराचंच काम, लगेच पुन्हा निळं झालं. मी हत्यार विझवून खाली ठेवलं.

कारण सरळ आहे. वारा लागला की नळी थंड पडते आणि कच्चं रॉकेल येतं. नळकांड्यावर आणखी एक पत्र्याचा पडदा लावला तर होणार नाही. पण तो लावला की वजन पुन्हा बिघडेल, पुन्हा तोल साधायला आठवडा जाईल, आणि जगनशेठ सोमवारी येताहेत. चाचांना आत्ता सांगितलं तर ते हत्यार हातात धरायचे नाहीत. जगनशेठ येऊन जाऊ देत, मग पडदा लावतो. तोवर टाकीत हवा कमी भरायची, म्हणजे रॉकेल कमी जोराने येईल. मी स्वतःच भरून देतो.

शकूने चौकटीवरचा काळा डाग पाहिला. मी म्हटलं, स्पिरिट सांडलं.

सोमवार, २२ फेब्रुवारी

जगनशेठ आले, पाहिलं, खूश झाले. त्यांना बारा नग हवेत, पावसाळ्याच्या आधी. चाचांनी त्यांच्यासमोर एक माप असं झाळलं की सांधा शोधावा लागत होता. जगनशेठनी विचारलं, या हत्याराला नाव काय? मी काही ठरवलं नव्हतं, पण तोंडातून "कमळाकर" निघून गेलं. चाचा खाली बघून हसत होते. मला नंतर वाटलं, दोघांचं नाव लावायला हवं होतं. पत्रात कळवता येईल.

पडद्याचं परवा बघू. आज जरा मोकळं वाटू दे.

बुधवार, २४ फेब्रुवारी

लिहिता येत नाही. हात चांगला आहे, तरी लिहिता येत नाही.

सकाळी अकराच्या सुमारास. मी आत होतो, चाचा ओट्यावर. ते ओरडले नाहीत. गिऱ्हाईक ओरडलं म्हणून मी बाहेर आलो. चाचांनी हत्यार फेकलं नव्हतं, टोक घासायच्या नवसागराच्या वडीवर नीट टेकवून ठेवलं होतं, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हात काढल्यावर मी पाहिलं.

डॉक्टरांनी पट्टी बांधून ताबडतोब मुंबईला न्या म्हणून सांगितलं. ताहेर भाताच्या गिरणीतून धावत आला. चाचांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आधी चाचा पट्टीखालून म्हणाले, "हात निसटला माझा. टोक तोंडाला लागलं."

मी काही बोललो नाही. मोटार सुटेपर्यंत काही बोललो नाही.

शनिवार, २७ फेब्रुवारी

उजवा डोळा गेला. डावा शाबूत आहे.

मी खूप विचार केला. मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की भोकं वर आहेत, वर आच येते. त्यांना ठाऊक होतं. आणि टोक तोंडाजवळ नेण्याची काही गरज नव्हती, हे मी वीसदा सांगितलं होतं. जगात कुणीही पेटलेला स्टोव्ह गालाला लावत नाही.

हे लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही, राहू दे.

गुरुवार, ११ मार्च

कुबराचाची कपडे न्यायला मुंबईहून आल्या होत्या, म्हणून चाचांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला सांगितलं. बोलता बोलता म्हणाल्या, दाढी तीनदा जळली होती. पहिल्यांदा जळली तेव्हा त्यांनी चाचांना म्हटलं, हे हत्यार परत द्या. चाचा म्हणाले, "पोरगं आयुष्यात पहिल्यांदा खूश आहे. मी डोकं जरा मागे धरीन." न्हाव्याकडे चाचा गेलेच नव्हते. कुबराचाचींनीच घरी कात्रीने कापून दाढी सारखी केली होती.

मी तिथे किती वेळ बसलो ते आठवत नाही. बाहेर पडलो तेव्हा चपला उलट्या पायांत घातल्या होत्या.

चाचा डोकं मागे धरत होते. म्हणजे साध्या निळ्या आचेपासून ते वाचले असते. भडक्यापासून कसे वाचणार? भडक्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

मंगळवार, १६ मार्च

जगनशेठचं पत्र. बारा नगांचं कुठवर आलं? पडदा लावून एक नग तयार केला आहे. वाऱ्यात धरला, पंख्याने वारा घातला, टोक वर केलं, खाली केलं. भडका नाही. पडदा करायला दीड दिवस लागला. तोलही फारसा बिघडला नाही.

दीड दिवस.

शकूने आज विचारलं, ताहेरला सांगितलंत का? मी विचारलं, काय? ती चौकटीकडे बघत राहिली आणि मग भाजी चिरायला लागली. मी तिच्यावर ओरडलो. तिने उलट उत्तर दिलं नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

सोमवार, ५ एप्रिल

चाचा दुकानात आले. ताहेर हाताला धरून घेऊन आला, चाचांनी पायरीशी त्याचा हात सोडला. डोळ्यावर हिरवी पट्टी, उजवा गाल गुळगुळीत आणि ताणलेला. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, बस, स्टोव्ह वाट बघतायत. आपल्या जागी बसले, शेगडी पुढे ओढली, कोळसे घातले. मी नवा नग, पडदा लावलेला, फळीवरून काढायला गेलो आणि हात आखडता घेतला.

दिवसभर ते खोकत होते. मी दिवसभर ऐकत होतो.

ताहेर न्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "अब्बांना घरी करमत नाही. तुमच्याजवळ आहेत म्हणून मला घोर नाही." मी मान हलवली.

शुक्रवार, ९ एप्रिल

चाचांना एका डोळ्याने अंतर कळत नाही. कैया सांध्यावर टेकवायला जातात आणि तो गव्हाएवढा अलीकडे टेकतो. कथील पत्र्यावर पसरतं, सांधा कोरडा राहतो. ते बोटाने चाचपून पुन्हा झाळतात. ज्या डब्याला पूर्वी घटका लागत नसे त्याला अर्धा दिवस. मी दोन डबे त्यांची पाठ वळल्यावर दुरुस्त केले. त्यांना कळलं असेल का? चाचांना न कळण्यासारखं या दुकानात काही नसतं.

सोमवार, १२ एप्रिल

हौसा सकाळीच आली. लुगड्याची एक बाजू भिजलेली, रॉकेलचा वास दारापासून येत होता. डबा दाणकन ओट्यावर ठेवला. म्हणाली, "आमी उरण नाक्यापावतर गेलो न् सगलं गलून गेलं. तीस वर्सं तुमचा डबा वापरतंय, असं कंदी झाला नाय." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. चाचा डबा उचलून बोटाने सांधा चाचपू लागले.

मी म्हटलं, "हौसाबाय, तो डबा मी झाळला होता. चाचांचा नाही. घाईत झाला."

मला वाटलं होतं, निदान एवढं तरी करता येईल.

चाचांनी डबा खाली ठेवला. माझ्याकडे तोंड करून, पण डोळा कुठेतरी माझ्या खांद्यावरून पलीकडे ठेवून म्हणाले, "खोटं नको बोलूस, कमळाकर. तुझी झाळ जाड असते. ही माझी आहे." मग हौसाला म्हणाले, "माझी चूक आहे, बहन. डबा राहू दे, कमळाकर चांगला करून देईल."

 हौसाने पदराने हात पुसले, डबा तिथेच ठेवला आणि रॉकेलचं काही बोलली नाही. इतर दोघंही कामं सांगायच्या आधीच निघून गेली.

त्या वेळी मला म्हणता आलं असतं की तुमचाही हात निसटला नव्हता, चाचा, तेही खोटंच होतं. ओठांपर्यंत आलं होतं. चाचा शेगडीतले कोळसे एकेक करून राखेत दाबत होते. सगळे विझल्यावर त्यांनी पत्रा कापायची कात्री, लाकडी हातोडी आणि दोन्ही कैया फडक्याने पुसले आणि उठून माझ्या बाजूला आणून ठेवले. बत्तीस वर्षांत ती हत्यारं कधी इकडे आली नव्हती. ताहेरची वाट न बघता ते भिंतीला हात लावत लावत घरी गेले.

मंगळवार, १३ एप्रिल

चाचा आले नाहीत.

शनिवार, १७ एप्रिल

आले नाहीत. हौसाचा डबा करून दिला. तिने विचारलं, चाचा बरं हायत ना? मी हो म्हटलं. जगनशेठना पत्र टाकलं की हत्यार तयार नाही, दुसरीकडे बघा. डावीकडची जागा शकूने झाडून काढली, मग मीच म्हटलं, तिथे काही ठेवू नकोस.

तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २३ एप्रिल

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून ताहेर घरी जेवायला येतो, म्हणून त्या वेळेला गेलो. वाटेत दोनदा मागे फिरलो. चाचा कसे आहेत म्हणून विचारायचं आणि परत यायचं, असंही एकदा ठरवून टाकलं होतं.

ताहेर ओटीवर होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. आत काही न सांगता चहा बाहेर आला. कुबराचाचींनी कप माझ्यापुढे ठेवला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत खाटेवर चाचांची पाठ दिसत होती, तोंड भिंतीकडे.

मी म्हटलं, "ताहेर, चाचांचा हात निसटला नव्हता. ज्योत हत्यारातून आली. भोकं मी वर पाडली होती."

ताहेर म्हणाला, "माहीत आहे. अब्बांनी मोटारीतच सांगितलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "म्हणाले, लोकांत बोलू नका, त्याचा धंदा बसेल. कमळाकर स्वतः येईल सांगायला. आला की चहा द्या, वेडंवाकडं बोलू नका. दोन महिने झाले, कमळाकरभाई. मुंबईहून परत आल्यापासून अम्मी दर शुक्रवारी दूध जास्त घेते."

मी कपाकडे बघत होतो. इथेच उठून गेलो असतो तरी चाललं असतं. त्यांनी मला माफ केलं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी केलं होतं ती अर्धीच होती. ताहेरचा चेहरा इतका साधा, दमलेला होता की मला वाटलं, हे असंच ठेवावं, या घराने आता आणखी काही ऐकू नये. मग कळलं की हे मी त्यांच्यासाठी म्हणत नाही.

मी म्हटलं, "एवढंच नाही. तो भडका मी सहा दिवस आधी पाहिला होता. माझ्या पडवीत. काय केलं तर थांबेल तेही मला ठाऊक होतं. व्यापारी येणार होता म्हणून मी चाचांना सांगितलं नाही."

 ताहेर उठला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या, आणि खरं सांगतो, त्याने मारलं असतं तर मी हात वर केला नसता. कुबराचाचींनी तोंडाला पदर लावला आणि खाटेकडे बघितलं. चाचा हलले नाहीत. मला वाटलं, झोपले असतील. झोपलेले असू देत, असं मी मनात म्हटलं.

मग भिंतीकडे तोंड करूनच चाचा म्हणाले, "ताहेर, बस खाली. त्याला चहा पिऊन जाऊ दे."

मला आज बेटा म्हणाले नाहीत, नावही घेतलं नाही.

मी चहा प्यायलो. निवला होता, वर साय धरली होती. सगळा संपवला, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. कप विसळायला घेऊन उठलो, तेव्हा कुबराचाचींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आत गेल्या.